एअर फ्रायरमधला कुरकुरीत कीटो स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटो आहार म्हणजे कर्बोदकं (थोडक्यात ‘कर्ब’) अगदी कमी आणि चरबी भरपूर, त्यामुळे पीठ, ब्रेड, स्टार्च त्यात बसत नाहीत. तो सोडून देणारे बरेच जण गोडाच्या ओढीने सोडतात असं मानलं जातं. मला वाटतं, त्याहून जास्त ओढ कुरकुरीत खाण्याची असते. रोज मऊ अंडी, मऊ भाज्या आणि सॉसमध्ये बुडालेलं मांस खाऊन दात कंटाळतात. एअर फ्रायर इथे खरोखर उपयोगी पडतो, फक्त तो नेमकं काय करतो हे कळायला हवं. खालची सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. प्रत्येक यंत्राची आच थोडी वेगळी असते, त्यामुळे दिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच उघडून बघा.

पीठ नाही, ब्रेडचा चुरा नाही, मग पदार्थ कुरकुरीत होणार कसा?

पाणी काढून. पदार्थाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे सरकत नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खरपूस रंग आणि वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो तिचं वर्णन लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. ती क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणजे आधी पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा, मगच तो तांबूस होणार.

स्टार्च, म्हणजे पिठातला पिष्टमय भाग, हा त्यासाठीचा एक सोपा मार्ग आहे: तो ओल शोषतो आणि वाळला की कडक होतो. पण मार्ग तेवढा एकच नाही. कोंबडीची कातडी चरबी वितळून पातळ आणि कडक होते. चीजमधलं पाणी उडालं की प्रथिनांची जाळी उरते. अंड्याचा पांढरा भाग वाळून करकरीत पापुद्रा धरतो. माइयार क्रियेला प्रथिनं आणि अगदी थोडी साखर लागते, आणि मांसात ती मुळातच असते. स्टार्च न वापरता कुरकुरीतपणा आणायचा तर ओल किती आहे आणि ती कुठून बाहेर जाईल, एवढ्यावर सगळं लक्ष द्यायचं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

एअर फ्रायर खरंच तळतो का?

नाही, भाजतो. तो जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हन आहे. वर तापणारी कॉइल, तिच्याजवळ पंखा आणि खाली जाळीची टोपली. गरम हवा वेगाने फिरते आणि पदार्थाभोवतीची वाफ सतत उडवून नेते. जागा लहान असल्यामुळे तो चटकन तापतो. फिलिप्सने २०१० मध्ये ‘एअरफ्रायर’ नावाचं यंत्र बाजारात आणलं आणि पुढे तेच नाव या प्रकारच्या सगळ्या यंत्रांना चिकटलं.

टोपली गच्च भरली की हवेला फिरायला वाट राहत नाही आणि तुकडे एकमेकांच्या वाफेत उकडतात. एकच थर, तुकड्यांमध्ये थोडी फट. जास्त माणसांसाठी करायचं असेल तर दोन खेपा करा. शेवटी पहिली खेप दोन मिनिटं परत आत घातली की सगळं सारखं गरम होतं.

कीटोमध्ये चरबी भरपूर लागते आणि एअर फ्रायर तर कमी तेलासाठी घेतात. हे जुळतं कसं?

कीटो करणाऱ्याने एअर फ्रायरकडे तेल वाचवणारं यंत्र म्हणून बघूच नये. त्याचं काम कोरडेपणा आणि रंग देणं एवढंच. चरबी तुम्हाला हवी तिथे, हव्या त्या प्रतीची, नंतर घाला: गरम विंग्जवर वितळलेलं लोणी, ब्रोकोलीवर ऑलिव्ह तेल, माशाबरोबर घरी केलेलं मेयोनेज. तळणात किती तेल शोषलं गेलं याचा अंदाज कधीच लागत नाही, इथे चमच्याने मोजता येतं.

कातडी काढलेली कोंबडीची छाती मात्र या यंत्रात रोज करू नका. चरबी नाही, ओल लवकर जाते, आणि शेवटी हातात येतो तो चोथा. कातडीसकट मांडी घ्या. चवीलाही ती कितीतरी सरस.

दिवसाला किती कर्ब चालतात, आणि निव्वळ कर्ब म्हणजे काय?

कीटोमध्ये साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा धरतात. निव्वळ कर्ब म्हणजे एकूण कर्बोदकांतून न पचणारा तंतू वजा केल्यावर उरतो तो आकडा. फ्लॉवरच्या १०० ग्रॅममध्ये एकूण ५ ग्रॅम कर्ब आणि २ ग्रॅम तंतू, म्हणून निव्वळ ३.

पाकिटावरचा तक्ता वाचताना एक काळजी घ्या. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर ‘कर्बोदके’ या आकड्यात तंतू धरलेला असतो. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर तो आधीच वगळलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पुन्हा तंतू वजा केला तर हिशेब चुकतो आणि दिवसभराची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

आवरणासाठी नेमकं काय वापरावं?

माझी पहिली पसंती बदामाचं पीठ आणि बारीक किसलेलं कडक, मुरलेलं चीज, म्हणजे पार्मेझानसारखं. दोन भाग पीठ, एक भाग चीज. पीठ अंग देतं, चीज कडकपणा आणि खारटपणा देतं. १०० ग्रॅम बदामाच्या पिठात निव्वळ कर्ब साधारण १० ग्रॅम असतात, ब्रेडच्या चुऱ्यात एकूण कर्बच ७० च्या आसपास. त्यातही एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन चमचेच येतात.

एकट्या बदामाच्या पिठावर भिस्त ठेवू नका. त्यात तेल पुष्कळ असल्यामुळे ते खुसखुशीत होतं, पण कडक होत नाही, आणि १८० अंशांच्या वर चटकन करपतं. मांस आत शिजायच्या आधी बाहेर काळं पडतं ते बहुधा यामुळेच. असं आवरण असलेले पदार्थ १७५ ते १८० वर, थोडा जास्त वेळ ठेवा.

नारळाचं पीठ वेगळ्या स्वभावाचं. ते ओल प्रचंड शोषतं, म्हणून बदामाच्या पिठाच्या जागी तेवढंच घातलं तर आवरण घशात अडकतं. पाव ते एक तृतीयांश पुरे. गोडसर चव येते, कोळंबीला ती शोभते, चिकनला मला नाही आवडत.

डुकराच्या कातडीचे फुललेले कुरकुरे बारीक चुरून वापरले तर कर्ब शून्य आणि आवाज सर्वांत मोठा. ब्रेडच्या चुऱ्याच्या सर्वांत जवळ जाणारं आवरण हेच. त्यांना मीठ आधीच असतं, तेव्हा वरून घालताना हात आखडता घ्या. जे डुकराचं खात नाहीत त्यांनी भाजलेले तीळ आणि जाडसर कुटलेले सूर्यफुलाचे दाणे मिसळून बघावं.

कॉर्नस्टार्चचा ‘फक्त एक चमचा’ अनेक पाककृतींत हळूच शिरतो. कॉर्नस्टार्चमध्ये जवळजवळ ९० टक्के कर्बोदकं असतात. एक चमचा चार जणांत वाटला गेला तर चालेल, पण मग तो मोजा.

आवरण टोपलीला चिकटून राहतं आणि आतला तुकडा उघडा पडतो. काय करू?

तुकडा आधी कागदी रुमालाने खरोखर कोरडा पुसा. ओलसर मांसावर लावलेलं आवरण खालून वाफेने सुटतं. मग चिकटवण्यासाठी फेटलेलं अंडं अगदी पातळ लावा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मेयोनेजचा हलका हात. त्यात तेल आणि अंडं दोन्ही असतं, त्यामुळे पकडही घट्ट आणि रंगही छान.

कोरडं आवरण हाताने दाबून बसवा आणि तुकडे फ्रिजमध्ये २०-३० मिनिटं उघडे ठेवा. टोपली आधी ३ ते ५ मिनिटं तापवून घ्या, जाळीला तेलाचं बोट फिरवा, आणि निम्मा वेळ होईपर्यंत तुकड्यांना हात लावू नका. पापुद्रा धरला की तो आपोआप सुटतो. त्याआधी उलटायला गेलात तर फाटणारच. उलटताना चिमट्याने ओढण्यापेक्षा पातळ उलथनं खाली सरकवा. वर कुठे पांढरं कोरडं पीठ दिसलं तर तिथे तेलाचा शिडकावा द्या, नाहीतर ते तसंच पिठूळ राहतं.

पातळ पिठात बुडवून केलं तर?

जमत नाही. गरम तेलात पीठ पडताक्षणी घट्ट होतं. इथे हवेत ते घट्ट होईपर्यंत जाळीतून खाली ओघळतं. असं काही हवंच असेल तर खोल तव्यात थोड्या तेलात करा.

चिकन विंग्जची कातडी रबरासारखी होते. कुरकुरीत कशी करावी?

यावर मी मनापासून बोलू शकते, कारण कीटोसाठी याहून सोयीचा कुरकुरीत पदार्थ नाही. कर्ब नगण्य, चरबी अंगचीच, आवरणाची गरजच नाही.

कातडीखाली चरबी आणि पाणी दोन्ही असतं. एकदम मोठ्या आचेवर टाकलं की वर रंग येतो, पण आतली चरबी वितळून बाहेर यायला वेळ मिळत नाही. ती अडकून राहते आणि कातडी चिवट लागते. म्हणून सुरुवात आदल्या रात्री करायची. विंग्ज पुसा. एक किलोला अंदाजे दोन छोटे चमचे मीठ आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चोळा. जाळीवर पसरून, झाकण न ठेवता, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर राहू द्या, म्हणजे कच्च्या मांसाचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. फ्रिजची कोरडी हवा कातडी वाळवते. बेकिंग पावडरमुळे कातडी थोडी अल्कलीकडे झुकते, माइयार क्रिया वेगाने होते आणि कातडीतली प्रथिनं लवकर मोडतात.

बेकिंग सोडा घालू नका. तो कितीतरी तीव्र असतो आणि साबणासारखी चव मागे राहते. बेकिंग पावडरमध्ये थोडा कॉर्नस्टार्च असतो, पण या प्रमाणात एका माणसाच्या वाट्याला तो नगण्यच येतो.

मग १८० अंशांवर २० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. त्यानंतर २०० वर ५ ते ८ मिनिटं. पहिल्या टप्प्यात चरबी गळते, दुसऱ्यात कातडी कडक होते. सॉस शेवटी, वाढायच्या क्षणी. सॉसमध्ये घोळवून परत आत ठेवलं तर रात्रभराची मेहनत मऊ पडते.

आत शिजलं आहे हे कसं ओळखायचं?

रंगावरून नाही. छोटा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, एअर फ्रायरबरोबर घ्यायची ती पहिली वस्तू. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसायला हवेत. मटणाचा खिमा किंवा पॅटी ७१, मासा ६३. मांडी आणि पायाचे तुकडे ७४ ला सुरक्षित होतात, पण ८०-८५ पर्यंत नेले की त्यातले चिवट धागे विरघळतात आणि मांस मऊ होतं.

आणखी एक: कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे आजूबाजूला उडून जंतू ओट्यावर पसरतात. पुसून घेणं पुरतं.

भाज्या कुरकुरीत होण्याऐवजी लिबलिबीत का होतात?

कारण त्या बहुतेक पाणीच असतात. झुकिनीत (काकडीसारखी दिसणारी भाजी) सुमारे ९५ टक्के, फ्लॉवर आणि मश्रूममध्ये ९२ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येकीला वेगळं वागवावं लागतं.

झुकिनीच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी टिपून घ्या, मगच आवरण. ती बटाट्याच्या कापांसारखी कडक होईल अशी अपेक्षा ठेवू नका. चीजचं आवरण कुरकुरीत आणि आत मऊ, एवढं तिच्याकडून मिळतं. फ्लॉवरचे तुरे लहान करा, धुतले असतील तर पूर्ण वाळवा, तेल चोळून १९० ते २०० वर १२ ते १५ मिनिटं. कडा काळपट तांबूस होऊ द्या, चव तिथेच असते. ब्रोकोलीचे बारीक कळे फार लवकर करपतात, म्हणून तेल नीट मुरवा आणि ७-८ मिनिटांत बाहेर काढा. मश्रूमला मीठ शेवटी. केल या हिरव्या पालेभाजीची पानं इतकी हलकी असतात की पंख्याने उडून कॉइलला चिकटतात. वर एक छोटी स्टीलची जाळी उलटी ठेवा आणि आच १५० च्या वर नेऊ नका.

फ्लॉवर किसून पिझ्झाचा तळ किंवा पॅटी करायची असेल तर शिजवलेला कीस फडक्यात घालून पिळा. हात दुखेपर्यंत पिळा. तिथे कंटाळा केलात तर पुढे कितीही आच लावा, उपयोग नाही.

मांस खात नाही. मग काय?

घट्ट टोफू हे सर्वांत चांगलं उत्तर. तो आधी गोठवा, मग वितळवून दोन ताटल्यांमध्ये वजनाखाली दाबा. गोठताना बर्फाचे कण आत पोकळ्या करतात, त्यामुळे पाणी सहज निघतं आणि मसाला आत मुरतो. हाताने ओबडधोबड तुकडे तोडा. सुरीने कापलेल्या गुळगुळीत बाजूंपेक्षा खडबडीत कडा जास्त कुरकुरीत होतात. तेल, मीठ, चमचाभर बदामाचं पीठ, १८० वर १५ मिनिटं.

उकडलेली अंडी अर्धी कापून, आवरण लावून १८० वर ६-७ मिनिटं केली तर तीही छान लागतात.

चीजचे कुरकुरीत चिप्स जमतात का?

जमतात, आणि फार सोपे आहेत. कडक, मुरलेलं चीज किसून बेकिंगच्या कागदावर चमचाभराचे पातळ गोल करा. १७५-१८० वर ५ ते ७ मिनिटं, बुडबुडे शांत होईपर्यंत. बाहेर काढल्यावर ते मऊ असतात, थंड होताना कडक होतात. लगेच उचलायला जाऊ नका. मोझरेलासारख्या ओल्या चीजचे मात्र चिवट होतात. पाकिटातलं आधीच किसलेलं चीज शक्यतो टाळा, कारण ते गोळा होऊ नये म्हणून त्यावर बऱ्याचदा बटाट्याचा स्टार्च भुरभुरलेला असतो.

तेल कोणतं आणि किती लावावं?

पाव किलो भाजीला एक ते दोन छोटे चमचे. तूप आणि शुद्ध केलेलं अॅव्होकाडो तेल मोठ्या आचेला टिकतं. लोण्यातले दुधाचे कण लवकर जळतात, म्हणून लोणी शेवटी.

दाबाच्या डब्यातले स्वयंपाकाचे फवारे टाळा. त्यातल्या लेसिथिन या घटकाचा चिकट थर टोपलीवर बसतो, तो निघत नाही आणि न चिकटणारा लेप खराब होतो. साधी पंपाची बाटली घेऊन त्यात आपलं तेल भरा.

धूर का येतो?

गळलेली चरबी खालच्या तापलेल्या भांड्यात जळते म्हणून. बेकन किंवा कातडीची मांडी करताना टोपलीखालच्या भांड्यात दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला. लागोपाठ खेपा करत असाल तर मध्ये साचलेली चरबी ओतून काढा. तरीही धूर येत असेल तर वरची कॉइल बघा. तिच्यावर उडालेले डाग रोजच्या धुण्यात तसेच राहून जातात. यंत्र बंद करून, प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

आत कागद घातला तर चालतो?

बेकिंगचा कागद चालतो, पण रिकामं यंत्र तापवताना तो आत ठेवू नका. उडून कॉइलला लागला तर पेटतो. वर पदार्थाचं वजन हवं आणि कागदाला भोकं हवीत. खरं तर कुरकुरीतपणा हवा असेल तर कागद नकोच, तो खालची हवा अडवतो.

ओव्हनची पाककृती एअर फ्रायरमध्ये कशी बदलावी?

तापमान १५ ते २० अंशांनी कमी, वेळ साधारण एक पंचमांशाने कमी, आणि निम्म्यावर एकदा हलवणं. बाकी नजरेने.

साखर नसलेला चकचकीत सॉस किंवा लेप लावता येतो का?

येतो, पण गोडी कशाची आहे त्यावर परिणाम बदलतो. एरिथ्रिटॉल ही साखरेऐवजीची गोडी तांबूस होत नाही. लेप फिकट राहतो आणि थंड झाल्यावर कधीकधी कणीदार लागतो. अॅल्युलोज उलट साखरेपेक्षा लवकर रंग धरतं, म्हणून ते शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावा. बाटलीतले केचप आणि बार्बेक्यू सॉस जपून, त्यात बहुधा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त कर्बोदकंच असतात.

जास्त भाजलेल्या पदार्थांतल्या अॅक्रिलामाइडचं काय?

२००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की स्टार्चयुक्त पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की कर्करोगाचा धोका वाढवू शकेल असं मानलं जाणारं अॅक्रिलामाइड तयार होतं. ते अॅस्पराजिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर यांच्यातून बनतं. मांस, मासे, अंडी, चीज यांत त्याचं प्रमाण कमी राहतं. बदामात मात्र अॅस्पराजिन असतं, त्यामुळे बदामाच्या पिठाचं आवरण सोनेरी झालं की थांबा. काळपट होईपर्यंत नेण्यात चवही नाही.

कीटो कुणी स्वतःहून सुरू करू नये?

हा आहार मुळात उपचार म्हणून आला. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या (फिट्स येण्याच्या विकाराच्या) रुग्णांसाठी सुचवला, आणि काही मुलांच्या औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. शरीरावर त्याचा खरा परिणाम होतो, म्हणूनच काळजीही खरी हवी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली औषधं घेत असाल तर कर्ब अचानक कमी केल्याने रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. एसजीएलटी-२ गटातली मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांमध्ये साखर फार वाढलेली नसतानाही रक्त धोकादायक आम्लयुक्त होण्याची स्थिती, म्हणजे कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचे किंवा स्वादुपिंडाचे विकार असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. हे वाक्य केवळ औपचारिकता म्हणून लिहिलेलं नाही, कृपया खरंच बोला.

उरलेलं परत कुरकुरीत करता येतं का?

इथे एअर फ्रायर मायक्रोवेव्हला सहज मागे टाकतो. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, पण गरम असताना घट्ट झाकू नका, वाफ आतच पाणी होऊन परत आवरणावर पडते. तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना १७० अंशांवर ४ ते ६ मिनिटं, तेलाचा किंचित शिडकावा देऊन, मांस आत ७४ अंश होईपर्यंत. बाहेर काढलं की ताटलीत न ठेवता जाळीवर ठेवा. सपाट ताटलीत खालची बाजू मिनिटभरात घाम धरते. जाळीवर ती वाढेपर्यंत कोरडी राहते.